खड्यांचे पक्वान्न

वाचकहो, रांधताना कढईत मुद्दाम खडे टाकणारी सुगरण कधी पाहिलीत? उझबेकिस्तानात ती गल्लोगल्ली भेटते!

बर्फ वितळले की तिथली मुले बोयचेचाक नावाची पहिली रानफुले घेऊन गात दारोदार हिंडतात. म्हातारीकोतारी ती फुले डोळ्यांना लावतात. आणखी एक वसंत पाहायला मिळाला ना! मग २१ मार्चला नवरोज. मोडाच्या गव्हाचा चीक, पीठ आणि तेल एवढेच घालून शेजारणी रात्रभर ‘सुमलक’ ढवळतात. साखरेचा कणही नाही, तरी गोड! खडे असतात ते तळाला करपू नये म्हणून. वाटीत खडा आला तर नशीब उघडले.

१९८०नंतरच्या दशकात सोव्हिएत राजवटीने या सणावर बंदी घातली. मैदाने ओस पडली. पण अंगणातली कढई कोण उतरवणार? १९९१ साली देश स्वतंत्र झाला. आता ती कढई भर चौकात चढते.