उतारवयातील गुप्तरोग : न विचारलेला प्रश्न

हा विषय स्मरणिकेत यावा की नाही, याचा आम्ही थोडा विचार केला. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून असले विषय मराठी घरांत आणले. मग आपणच संकोच का धरावा?

साठी उलटलेल्या माणसाला गुप्तरोग असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. लघवीला जळजळ झाली की प्रोस्टेट, वजन उतरले की मधुमेह वा क्षय, विसर पडू लागला की वय! पुष्कळदा ते खरेही असते. पण चौकशी तेथेच थांबली की रोग निसटतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची अंतस्त्वचा पातळ होते व संसर्ग सहज शिरतो, हेही फारसे कुणी सांगत नाही.

उपदंशाचेच पाहा. पहिला व्रण बहुधा दुखत नाही व आपोआप भरून येतो. मग रोग वीस-वीस वर्षेही दडून राहतो आणि एखाद्याच्या मेंदूवर वा हृदयावर उठतो. वेड लागून मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत नोगुची व मूर यांनी १९१३ साली हे जंतू दाखविले. म्हणूनच स्मृतिभ्रंशाचे कारण शोधताना पुष्कळ डॉक्टर ही रक्ततपासणीही करवितात. पेनिसिलिनने रोग थोपविता येतो, मात्र झालेली हानी सर्वच भरून येत नाही. आणि निकाल आला म्हणून घरात न्यायनिवाडा मांडू नये. संसर्ग तारुण्यातला असेल, जोडीदाराकडून आलेला असेल.

एका कागदावरही विसंबू नये. व्हीडीआरएल चाचणी इतर आजारांमुळे खोटा होकार देते, तर फार जुन्या उपदंशात कधी नकार देते. म्हणून टीपीएचएसारखी दुसरी चाचणी जोडीला लागते. एचआयव्हीच्या संसर्गानंतर पहिले काही आठवडे तपासणीत काही दिसत नाही, तेव्हा ती पुन्हा करावी लागते. सरकारी केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते, व २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी रुग्णाची संमती घ्यावी लागते.

खरी अडचण दाराशी आहे. सांगली-साताऱ्याहून लग्न होऊन हुबळीत आलेल्या आजींना बाजारापुरते कानडी येते, पण असली गोष्ट मराठीतच सांगवते. आणि डॉक्टरांपुढे दुभाष्या म्हणून उभा असतो नातू! त्याच्यादेखत त्या काय सांगणार? मराठी जाणणारी परिचारिका शोधावी, आणि घरच्यांनी दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर बसावे.