आधी हिरवे पाणी, मग मासे

गाय आणण्यापूर्वी वैरणीची सोय पाहावी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण शोभेच्या माशांचा जोडधंदा काढताना हीच गोष्ट हटकून मागे राहते. ती मागे राहू देणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे लिहितो आहे.

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराच्या मुलाने कर्ज काढून पडवीत काचेच्या टाक्या मांडल्या आणि हॅचरीतून क्लाउनफिशची जोडी आणली. अंग नारिंगी, त्यावर पांढरे पट्टे. मासा खाऱ्या पाण्यातला. शहरातले हौशी लोक घरात काचेच्या पेटीत प्रवाळाच्या खडकाचा देखावा उभा करतात, त्यांत या माशाला मागणी असते. (जिवंत प्रवाळ समुद्रातून काढणे मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्या वाटेला कोणी जाऊ नये.)

मादीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. नर परांनी त्यांना वारा घालत राखणीला बसला. आठवड्याने एका रात्री दिवे मालवल्यावर अंडी फुटली. तीनेकशे पिल्ले असतील. तिसऱ्या दिवशी टाकीत एकही उरले नव्हते.

पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे. त्याच्या तोंडात कोरडा दाणा जात नाही, आणि जे हलते तेच त्याला भक्ष्य वाटते. अशा पिल्लाचे पहिले अन्न म्हणजे रोटिफर. हा खाऱ्या पाण्यातला जीव मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरले तर पांढरे कण फिरताना दिसतात. जपानात ईल माशांच्या तळ्यांचे पाणी एकाएकी बिघडे, तेव्हा हा जीव उपद्रवी म्हणून माहीत होता. तिथल्याच ताकाशी इतो या शास्त्रज्ञाने १९६० साली तो माशांच्या पिल्लांना चारून दाखवला. तणाचे पीक झाले म्हणा ना!

त्या घरी रोटिफरचा डबा होता. पण रोटिफरलाही चारा लागतो, आणि तो म्हणजे हिरवे सूक्ष्म शेवाळ. शेवाळ वाढवायचा खटाटोप नको म्हणून मीच सांगितले, "बेकरीचे यीस्ट घाला." दहा लाख रोटिफरना दिवसाला साधारण १ ग्रॅम यीस्ट पुरते. मी चमचा सांगितला, मापाचे बोललो नाही. उरलेले यीस्ट तळाशी कुजले, पाण्याला वास सुटला, प्राणवायू संपला. अंडी फुटली त्याच रात्री डबा मेला. मी गेलो तेव्हा मुलगा बोलला नाही. त्याची आई एवढेच म्हणाली, "साहेब, पोरं उपाशी गेली."

पुन्हा सुरुवात केली ती शेवाळापासून. नॅनोक्लोरॉप्सिस नावाचे शेवाळ हॅचरीतून बाटलीत आणले. वहिनींना विरजण म्हटल्याबरोबर सारे उमगले. समुद्राचे पाणी गाळून, उकळून गार करायचे, त्यात हिरवे विरजण घालायचे, ट्यूबलाइटखाली ठेवून हवेची नळी सोडायची. चार-सहा दिवसांत पाणी गर्द हिरवे होते. मग त्यातले थोडे नव्या बाटलीत. बाटलीला हॅचरीचे तयार खत-द्रावण वापरावे. पिंपाला मात्र आपलीच खते चालतात : अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट आणि युरिया, वजनाने १० : १ : १. दोनशे लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम, २ ग्रॅम, २ ग्रॅम. भाताच्या खाचराच्या सवयीने मूठभर टाकू नये. आणि पिंप फवारणीचे नको, कितीही धुतलेले असले तरी नको.

या हिरव्या पाण्यात रोटिफर सोडले की ते चरू लागतात आणि पाणी फिके पडते. फिके पडले की हिरवे पाणी घालावे. पंचवीस अंश उष्णतेला पिल्लाची मादी व्हायला अर्धा ते दीड दिवस लागतो, नराची गरज बहुधा पडत नाही, आणि मग दर चार तासांनी अंडे. रोज पाव हिस्सा पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळून काढावे, माशांची पिल्ले नसली तरी काढावे. न दुभलेल्या गाईसारखी ही शेतीही आटते.

वहिनींनी एक नियम स्वतःच बसवला : सकाळी आधी शेवाळाचे काम, मग रोटिफरचे, मग आणि नळ्या वेगळ्या. कारण रोटिफरचा एक थेंब शेवाळाच्या बाटलीत गेला की दोन-चार दिवसांत बाटली फस्त. हा नियम मी पुढे सगळ्यांना सांगू लागलो.

खाडीचे पाणी पावसात गोडसर होते, म्हणून मे महिन्यातच समुद्राचे पाणी साठवून झाकून ठेवले. क्लाउनफिशची जोडी पुन्हा अंडी घालते, ही एक बरी गोष्ट. या वेळी पिल्लांच्या टाकीत पाण्याच्या प्रत्येक मिलिलिटरला पाच ते दहा रोटिफर राहतील अशी बेताबेताने भर घातली. आठवड्यानंतर हळूहळू आर्टेमिया सुरू केला. त्याची कोरडी अंडी डब्यात मिळतात, खाऱ्या पाण्यात हवा सोडली की दिवसभरात फुटतात. पण पिल्लू त्याला अर्ध्या मिलिमीटरचे असते, म्हणून तो आधी देता येत नाही. टरफले पोटात जाऊ नयेत म्हणून ती नीट वेगळी करावी, आणि डबा फोडल्यावर घट्ट बंद करून कोरडा ठेवावा, दमट हवेत अंडी वाया जातात.

दहाव्या-बाराव्या दिवशी पिल्लांच्या अंगावर पांढरे पट्टे उमटले. सत्तरेक जगली. कर्ज फिटायला अजून बऱ्याच खेपा लागतील, आणि हिशेब मुलाने वहीत मांडून ठेवला आहे. हिरव्या विरजणाची एक बाटली वहिनी आता शेजारणीकडेही ठेवतात. मध्यंतरी लग्नाला रत्नागिरीस गेल्या तेव्हा इकडे वीज गेली आणि पडवीतल्या बाटल्या बसल्या. परत आल्यावर त्या पातेले घेऊन शेजारी गेल्या आणि विरजण मागून आणले.