देवमाशांची खोटी मोजदाद

लाखनीच्या शाळेतील मुलांना मासे नवे नाहीत. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलावांत ढिवर बांधव जाळे टाकतात तेव्हा काठावर उभे राहून रोहू, कटला, मरळ अचूक ओळखणारी मुले येथे प्रत्येक वर्गात सापडतील. देवमासा मात्र त्यांनी पुस्तकातील चित्रातच पाहिलेला असतो, नाहीतर 'व्हेलची उलटी जप्त' अशा वर्तमानपत्रातील बातमीत त्याची गाठ पडते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्गात देवमाशाच्या शिकारीचा इतिहास कशासाठी सांगायचा, असा प्रश्न शिक्षकांना पडेल. या इतिहासात विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या अरबी समुद्रात घडलेली आहे.

दिव्यासाठी शिकार

देवमासा हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. थंड पाण्यात शरीराची उष्णता टिकवणारी ही चरबीच त्याच्या मुळावर आली. ती वितळवून मिळणारे तेल युरोप-अमेरिकेत दिव्यांत जळत असे आणि यंत्रांच्या वंगणासाठीही वापरले जात असे.

बिस्केच्या उपसागराकाठचे बास्क लोक इसवी सनाच्या अकराव्या शतकापासून ही शिकार करीत. सोळाव्या शतकात ते अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यावर पोचले. तेथील रेड बे या ठिकाणी त्यांच्या तेलभट्ट्यांचे अवशेष आहेत आणि २०१३ साली ते जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पुढे अमेरिकेतील नॅन्टुकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरे याच व्यवसायावर श्रीमंत झाली.

आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही या शिकारीची एक खूण शिल्लक आहे. स्पर्म व्हेलच्या डोक्यातील मेणासारख्या पदार्थाची मेणबत्ती स्वच्छ आणि एकसारखी जळते. म्हणून १८६० मध्ये ब्रिटनने प्रकाशाच्या मोजमापासाठी तीच प्रमाण मानली : वजन एक षष्ठांश पौंड, म्हणजे सुमारे ७६ ग्रॅम, आणि जळण्याचा वेग तासाला सुमारे ७.८ ग्रॅम. आज आपण शिकवतो ते कॅन्डेला हे एकक या 'मेणबत्ती-शक्ती'चेच वंशज आहे.

आपल्या समुद्राची परंपरा

अरबी समुद्रातील देवमाशांची एक फार जुनी नोंद ग्रीकांनी केली आहे. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदराचा सेनापती निआर्कस सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे निघाला असताना मकरान किनाऱ्याजवळ पाण्याचे उंच फवारे पाहून त्याचे खलाशी घाबरले. त्याने कर्णे वाजवीत जहाजे पुढे नेली आणि देवमासे पाण्याखाली गेले. त्या किनाऱ्यावरील लोक वाहून आलेल्या मृत देवमाशांची हाडे घरबांधणीला वापरत, असेही त्या वृत्तान्तात आहे.

कोकणातही मोठ्या देवमाशांच्या शिकारीची परंपरा रुजली नाही. त्याचे मराठी नावच पुरेसे बोलके आहे. देवमाशाचा आपला संबंध आला तो किनाऱ्यावर वाहून आलेल्या कलेवरांशी, किंवा 'अंबर' या सुगंधी द्रव्याशी. आयुर्वेदातील 'अग्निजार' म्हणजे हेच अंबर असे अनेक अभ्यासक मानतात. बातम्यांत त्याला उलटी म्हणतात, पण अंबर तयार होते ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकूळ या खाद्याच्या न पचणाऱ्या कठीण चोचींभोवती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते बाळगणे आणि विकणे हा भारतात गुन्हा आहे.

यंत्रे आली

होडीतून हाताने भाला फेकण्याच्या काळात वेगाने पोहणारे निळे देवमासे सुरक्षित होते. १८७० च्या सुमारास नॉर्वेच्या स्वेन्ड फॉइनने स्फोटक टोकाचा भाला डागणारी तोफ आणि वाफेची बोट यांची सांगड घातली. १९०४ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटावर शिकारीचे केंद्र उभे राहिले. १९२५ मध्ये मागच्या बाजूस उतार असलेले जहाज आले. अख्खा देवमासा त्यावर ओढून घेता येई, त्यामुळे किनाऱ्यावरील कारखान्याची गरजच उरली नाही. १९३०-३१ च्या एकाच हंगामात जगात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. संपूर्ण विसाव्या शतकातील सर्व जातींची बेरीज सुमारे २९ लाख होते.

या शिकारीला आळा घालण्यासाठी १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. पण मोजण्याचे एकक चमत्कारिक होते. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन व्हेल, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई व्हेल. सर्व देशांना मिळून अंटार्क्टिकात वर्षाला अशी १६,००० 'एकके' मारण्याची मुभा होती. कोणत्या जातीचे किती मारायचे याला बंधन नव्हते. साहजिकच सर्वांत मोठ्या प्राण्यावर आधी संक्रांत आली.

१९६६ चा नोव्हेंबर

सोव्हिएत रशियाचे ताफे ओडेसा बंदरातून निघून सुएझ कालवा आणि अरबी समुद्र या मार्गाने अंटार्क्टिकाकडे जात. दक्षिणेकडे ४० अंश अक्षांश ओलांडेपर्यंत अशा तरत्या कारखान्यांना निळे, हंपबॅक यांसारखे चाळणीच्या तोंडाचे देवमासे मारण्यास करारानेच मनाई होती. तरीही 'स्लावा' आणि 'सोव्हेत्स्काया उक्राइना' या ताफ्यांनी १९६३ ते १९६७ या काळात वाटेवरच शिकार केली : १,२९४ निळे देवमासे, ९५४ स्पर्म व्हेल, ८४९ ब्रूडा व्हेल आणि २४२ हंपबॅक. एकूण ३,३३९. हंपबॅकपैकी २३८ एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ मारले गेले.

हे आपल्याला तेव्हा कळले नाही, कारण आंतरराष्ट्रीय आयोगाकडे खोटे आकडे जात होते. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत ताफ्यांनी एकूण ४८,७०२ हंपबॅक मारले, नोंदवले फक्त २,७१०. म्हणजे अठरातील एक.

खोट्या आकड्याने काय बिघडते, हे तळ्याच्या उदाहरणाने मुलांना चटकन समजेल. मामा तलावातून कोणी रात्री दहा क्विंटल मासळी काढली आणि वहीत पन्नास किलो लिहिले, तर पुढच्या वर्षी तलावात मासळी का नाही याचे उत्तर वहीत सापडणार नाही. सोसायटी मत्स्यबीजाला दोष देईल, पाण्याला देईल. जगभरचे शास्त्रज्ञही हंपबॅकची संख्या अचानक का कोसळली, या कोड्यात वर्षानुवर्षे अडकले होते.

उलगडा झाला तो ताफ्यांवरच काम करणाऱ्या शास्त्रज्ञांमुळे. त्यांनी प्रत्येक प्राण्याची खरी मोजमापे लिहिली होती आणि ती नष्ट होऊ दिली नाहीत. दिमित्री तोर्मोसोव्ह यांनी तर हजारो कार्डे घरच्या बटाट्यांच्या तळघरात लपवून जपली. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी हे सत्य जगापुढे मांडले.

गर्भांनी दिलेली साक्ष

अरबी समुद्रातील नोंदी युरी मिखालेव्ह यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि त्यांतून एक अनपेक्षित शोध हाती आला. इतरत्र हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात खातात आणि हिवाळ्यात उष्ण कटिबंधात येऊन वितात. तेथे ते जवळजवळ उपाशीच असतात. मग अरबी समुद्रातील हंपबॅक अंटार्क्टिकातून आलेले असतील काय?

त्यांचा गर्भावधी अकरा ते बारा महिन्यांचा असतो. दक्षिणेकडील माद्या जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास वितात आणि त्याच काळात गाभण राहतात, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांचे गर्भ अगदी लहान हवेत. उत्तरेकडील माद्या जानेवारी ते मार्चच्या सुमारास वितात, म्हणून त्यांचे गर्भ नोव्हेंबरमध्ये पूर्ण वाढत आलेले हवेत. अरबी समुद्रातील गर्भांची लांबी उत्तरेच्या वेळापत्रकाशी जुळली. शिवाय त्यांच्या पोटांत मासे आणि कोळंबीसारखे क्रिल सापडले. म्हणजे ते येथेच खात होते.

याचे कारण आपला मोसमी वारा. नैर्ऋत्येचा वारा ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगतचे पृष्ठजल दूर लोटतो, खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते, प्लवक वाढतात आणि त्यांवर तारली पोसली जाते. ज्या वाऱ्यावर आपले धान पिकते, त्याच वाऱ्यामुळे या देवमाशांना ध्रुवाकडे जाण्याची गरज पडत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळा राहिला आहे.

आज

१९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य घोषित झाला. भारत १९८१ मध्ये आयोगाचा सदस्य झाला. १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव झाला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो लागू झाला. नॉर्वेने तो मानला नाही. जपानने २०१९ मध्ये आयोग सोडून आपल्या समुद्रात शिकार पुन्हा सुरू केली.

अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र सावरलेले नाहीत. ओमानच्या किनाऱ्यावर २००० ते २००४ मध्ये शेपटीच्या छायाचित्रांवरून केलेला अंदाज होता फक्त ८२. त्यांपैकी काही आपल्याकडेही येतात. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-खूण लावलेली 'लुबान' नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि तेथून भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. सिंधुदुर्गातील कुणकेश्वरजवळ २०१५ मध्ये निळा देवमासा पिलासह दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला वाळूत अडकलेले पिलू लोकांनी खटपट करून पाण्यात सोडले, पण ते वाचले नाही. आता धोके वेगळे आहेत : मासेमारीची जाळी, जहाजांच्या धडका, पाण्यातील गोंगाट.

वर्गासाठी

वरच्या 'एकका'वरून मुलांना गणित घालता येईल : १६,००० एकके केवळ निळ्या देवमाशांत किती, केवळ सेई व्हेलमध्ये किती? नफा हवा असेल तर शिकारी काय निवडेल? दुसरा उपक्रम नोंदीचा. दोन गटांनी एकाच तळ्यावरील पक्षी महिनाभर मोजावेत. एका गटाने आकडे 'सुधारून' लिहावेत, आणि तिसऱ्या गटाने दोन्ही वह्यांवरून निष्कर्ष काढावेत. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून मग निरीक्षणे भरण्याची सवय आपल्या शाळांतही आहे. ती मोडायला हा इतिहास उपयोगी पडेल. मारलेले देवमासे परत आले नाहीत, पण त्यांची खरी मापे कोणीतरी लिहून ठेवली होती, म्हणून उरलेल्यांबद्दल आज आपल्याला निदान काही नेमके सांगता येते.