अकरा महिने आधी, सकाळी आठ वाजता

डिसेंबर 1991 मध्ये फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या आवारात डिस्ने व्हेकेशन क्लबचं पहिलं रिसॉर्ट उघडलं. आज ते ओल्ड की वेस्ट म्हणून ओळखलं जातं. तिथल्या मूळ खरेदीखतावर मालकी संपण्याची तारीख आहे 31 जानेवारी 2042, आणि बोर्डवॉक, बीच क्लब अशा नंतरच्या काही रिसॉर्टांच्या खतांवरही तीच आहे. म्हणजे पहिल्या ग्राहकांच्या पन्नास वर्षांतली निम्म्याहून बरीच जास्त वर्षं सरली. पहिल्या दिवशी विकलेला शब्द होता ‘मोकळीक’. आठवडा ठरलेला नाही, खोली ठरलेली नाही. दरवर्षी खात्यात पॉइंट जमा होतील, हवे तेव्हा हवे तसे खर्च करा. या मोकळिकीचं पुढे काय झालं, हे तपासायला आता पुरेसा काळ गेला आहे. माझं म्हणणं असं, की पॉइंटांनी मालकाला मोकळीक दिलीच नाही. हातात असलेला हक्क काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात रांगेतली जागा दिली.

या धंद्याचा इतिहास झरझर उरकतो, कारण तो फारसा रंजक नाही. युरोपात साठच्या दशकात सुट्टीच्या घराची विभागून मालकी सुरू झाली. 1963 मध्ये स्थापन झालेली स्वित्झर्लंडची हापिमाग कंपनी तेव्हाचीच. अमेरिकेत 1974 मध्ये आरसीआय निघाली आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्याचा घेण्याचा बाजार उभा राहिला. भारतात 1986 मध्ये स्टर्लिंग आली, 1996 मध्ये महिंद्रा. त्यातल्या महिंद्राने वर्षाचे जांभळा, लाल, पांढरा, निळा असे चार रंग करून हंगाम विकले. ठरलेल्या आठवड्याच्या जुन्या पद्धतीचा जाच सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारीतला तिसरा आठवडा तुमचा म्हणजे तुमचाच, मग घरात लग्न असो की मुलांची परीक्षा. पण त्या जाचाच्या पोटात एक खात्री होती. तो आठवडा मिळवण्यासाठी पहाटे उठावं लागत नसे.

पॉइंटांचं गणित मात्र समजून घ्यायला हवं, कारण विक्रीच्या टेबलावर ते कोणी समजावत नाही. रिसॉर्टमधल्या सगळ्या खोल्यांच्या वर्षभराच्या सगळ्या रात्रींना मिळून जेवढे पॉइंट लागतात, त्याहून जास्त विकता येत नाहीत. यात फसवणूक नाही. पण याचा अर्थ असा, की सगळे पॉइंट वापरले जायचे तर सप्टेंबरातल्या मंगळवारीही कोणीतरी तिथे झोपलं पाहिजे. नाताळाच्या आठवड्याचे पॉइंट कितीही चढवा, नाताळ एकच असतो. आठवडे विकताना ही टंचाई विक्रीच्या दिवशीच उघडी पडायची: नाताळ संपला, दुसरा आठवडा बघा. पॉइंट विकताना ती झाकली जाते आणि दरवर्षी, बुकिंगची खिडकी उघडण्याच्या क्षणी, मालकामालकांत भांडण लावून बाहेर येते. खिडक्या दोन: आपल्या ‘घरच्या’ रिसॉर्टसाठी अकरा महिने आधी, इतर रिसॉर्टांसाठी सात महिने आधी.

जिथे थांबायला हवं ते दशक 2008 ते 2019 चं. तोपर्यंत रोज फोन करून एकेक रात्र जोडत जाण्याची रीत होती. कंटाळवाणी खरी, पण त्यात प्रत्येक रात्र सगळ्यांसाठी एकाच सकाळी खुली व्हायची. 2008 मध्ये नियम बदलला: मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून अकरा महिने मोजा आणि पुढच्या सात रात्री एकदम घ्या. सोय म्हणूनच हा बदल आला आणि बहुतेकांनी त्याचं स्वागत केलं. पण त्या सोयीने रांगेचा क्रमच उलटा केला. तुमच्या पहिल्या रात्रीसाठी तुम्ही खिडकीवर पोचता, तेव्हा तुमच्या सहा दिवस आधी मुक्कामाला येणाऱ्याने ती रात्र घेतलेली असते. यातूनच बुकिंग ‘चालवण्याची’ कला जन्मली. डिसेंबरचा पहिला आठवडा हवा असेल तर नोव्हेंबरच्या मध्यातला धरायचा, मग रोज सकाळी पुढची रात्र जोडायची, मागची सोडायची. ऑनलाइन बुकिंग आल्यावर फोनवर ताटकळण्याचा अडसरही गेला. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या रिसॉर्टमधल्या कमी पॉइंटांच्या खोल्या मोजक्याच. तिथे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे आठ वाजले की गणपतीच्या कोकण गाड्यांसारखी गत होऊ लागली.

या बुकिंग चालवणाऱ्यांना स्वार्थी म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. नियम पाळून केलेली ही गोष्ट, आणि समोरचा करतो म्हटल्यावर न करणारा मूर्ख ठरतो. शिवाय एकाने चालवायला आठवडाभर आधी सुरुवात केली की दुसरा दोन आठवडे आधी करतो. दोष नियमाचा, आणि नियम बदलण्याचा अधिकार मालकांकडे नाही.

त्याच दशकात दुसरा घाव बसला, तो 2010 च्या पॉइंट तक्त्याचा. तोपर्यंत शुक्रवार-शनिवारच्या रात्रींना काही ठिकाणी इतर दिवसांच्या दुपटीच्या आसपास पॉइंट लागत. हिशेबी मालक रविवारी यायचे, शुक्रवारी निघायचे, आणि बेताचेच पॉइंट विकत घेऊन दरवर्षी पाच रात्री काढायचे. नव्या तक्त्याने शुक्रवार-शनिवारकडचा भार काढून मधल्या दिवसांवर टाकला. एकूण बेरीज तीच, पण ज्यांनी मधल्या दिवसांच्या हिशेबाने खरेदी केली होती त्यांना त्याच खोलीसाठी पॉइंट अपुरे पडू लागले. यावर उत्तर तयार असतं: बेरीज बदललेली नाही, एकाचं गेलं ते दुसऱ्याला मिळालं, आणि शनिवारच्या खोल्या रिकाम्या राहत होत्या त्याचं काय? शेवटचा मुद्दा मी मान्य करतो. मागणी सरकली तर भावही सरकले पाहिजेत. पण ही सरासरीची न्यायबुद्धी आहे. सरासरी मालक कुठेच राहत नाही. खरेदीखत प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ते विकताना समोर ठेवलेला तक्ता जुना होता.

बेरीज बदलत नाही, हा बचावही पुढे डळमळला. डिसेंबर 2018 मध्ये 2020 चे तक्ते जाहीर झाले. दोन बेडरूमची जागा मधलं दार बंद करून स्टुडिओ आणि एक बेडरूम अशी वेगवेगळी दिली, तर दोहोंचे मिळून पॉइंट अख्ख्या जागेपेक्षा जास्त लागतात. नव्या तक्त्यात ही तफावत आणखी वाढवली होती. ज्यांना लहान खोलीच परवडते त्यांचे पॉइंट यात लवकर संपतात, आणि उरलेल्या रात्री कंपनीला रोख भाड्याने देता येतात. मालकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, पत्रांचा भडिमार केला आणि जानेवारी 2019 मध्ये ते तक्ते मागे घेतले गेले. या साऱ्या काळात मालकांना मिळालेला असा विजय विरळाच. पण त्याच जानेवारीत दुसरं दार बंद झालं: पुढे कोणी जुने पॉइंट दुसऱ्या मालकाकडून विकत घेतले, तर नव्या रिव्हिएरा रिसॉर्टमध्ये ते चालणार नाहीत, आणि रिव्हिएराचे पॉइंट असे घेतले तर ते रिव्हिएरातच चालतील.

लवकर नियोजन करणाऱ्याला मिळतं, यात गैर काय, असाही प्रश्न विचारला जातो. गैर एवढंच, की मुलाच्या शाळेचं पुढच्या वर्षीचं वेळापत्रक अकरा महिने आधी हातात असलेले फार थोडे असतात. परिचारिका, पोलीस, पाळीवर काम करणारे यांना महिनाभर पुढचं सांगता येत नाही. त्यांनीही तेवढेच पैसे मोजलेले असतात, वर दरवर्षीचं देखभाल शुल्कही भरलेलं असतं. त्यांच्या वाट्याला सात महिन्यांची खिडकी, मग प्रतीक्षा यादी, मग उरलंसुरलं.

पॉइंट पुढच्या वर्षावर ढकलता येतात, पुढच्या वर्षाचे उसने घेता येतात, ही सवलत मात्र खरी. तिने पुष्कळांची वर्षं वाचवली. बोर्डवॉक आणि बीच क्लबच्या मालकांना तिचा शेवटचा उपयोग कसा होईल, हे बघण्यासारखं असेल. 2040 मधले ढकललेले पॉइंट आणि 2041 चे पॉइंट त्याच खोल्यांवर एकत्र येतील. उसनं घ्यायला पुढचं वर्ष नसेल, आणि ढकलायला असेल तो फक्त जानेवारी.