पाइप तापतो, सपोर्ट तापता कामा नये
लेखमाला : वाफेचा प्रवास (भाग 6)

मागच्या भागात लॅगिंगची, म्हणजे पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणाची जाडी कशी ठरते ते पाहिलं. लॅगिंग पाइपला सगळीकडून झाकतं. पण पाइप जिथे टेकतो किंवा टांगला जातो, तिथे त्यात खंड पडतो आणि उष्णतेला नेमकी तीच वाट सापडते. म्हणून आजचा विषय सपोर्टचा.

नागपूरकरांना हा विषय दूरचा नाही. कोराडीला 2015 ते 2017 या काळात 660 मेगावॉटचे तीन सुपरक्रिटिकल संच सुरू झाले. मौद्याला एनटीपीसीचे याच क्षमतेचे दोन संच आहेत. अशा संचांत बॉयलरकडून टर्बाइनकडे जाणारी वाफ साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या घरात असते. तिथे सपोर्ट निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : पाइपला थेट काय टेकणार आहे? साधं कार्बन पोलाद सव्वाचारशे अंशांच्या वर वर्षानुवर्षं राहिलं तर त्याची अंतर्गत रचना बिघडते. म्हणून अशा लाइनसाठी क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्रपोलाद वापरतात. पी-91 हा त्यातला रुळलेला प्रकार. पाइपला भिडणारा क्लॅम्पही त्याच तोडीचा हवा. पी-91 पाइपवर शू, म्हणजे पाइपखालचा टेकू, वेल्ड करायचा तर आधी तापवणं आणि नंतर उष्णताप्रक्रिया करणं आलंच. त्यामुळे जमेल तिथे बोल्टने आवळायचा क्लॅम्पच बरा.

दुसरा प्रश्न : पाइप किती सरकणार? थंड अवस्थेपासून साडेपाचशे अंशांपर्यंत तापताना पी-91चा 10 मीटर पाइप सहा सेंटिमीटरहून जास्त लांबतो. त्यात मोठे बॉयलर वरून टांगलेले असल्यामुळे तापल्यावर खाली वाढतात आणि पाइपचं टोकही खाली नेतात. अशा जागी घट्ट सपोर्ट दिला तर सगळा ताण वेल्ड आणि टर्बाइनच्या नोझलवर येतो. तिथे पाइपबरोबर खालीवर होणारा स्प्रिंग हँगरच लागतो.

तिसरा प्रश्न आजच्या विषयाचा गाभा आहे : उष्णता खाली कशी अडवायची? वजन पेलायला पोलाद लागतं आणि पोलादातून उष्णता कॅल्शियम सिलिकेटसारख्या उष्णतारोधक पदार्थाच्या शेकडो पट सहज वाहते. उलट रॉकवूल उष्णता अडवतं, पण वजनाखाली दबतं. दबलं की जाडी गेली. या ओढाताणीवर उपाय म्हणजे पाइप आणि बाहेरच्या क्लॅम्पमध्ये भार पेलणारे कडक, उष्णतारोधक ठोकळे बसवणं. कॅल्शियम सिलिकेट साधारण 650 अंशांपर्यंत चालतं. मात्र लॅगिंगचा नेहमीचा हलका ठोकळा इथे चालत नाही, जास्त घनतेचा लागतो. खरेदी करताना त्याची दाबशक्ती कामाच्या तापमानाला किती उरते हे विचारून घ्यावं, थंड नमुन्याच्या आकड्यावर विसंबू नये. थंड लाइनसाठीचे पॉलियुरेथेनचे ठोकळे तर इथे जळूनच जातील.

शू सरकावा म्हणून खाली टेफ्लॉनची पट्टी असेल तर आणखी एक हिशेब येतो. टेफ्लॉनची मर्यादा फार तर 260 अंशांची, वजनाखाली त्याहून कमी. म्हणून शूचा पाय एवढा उंच हवा की तो लॅगिंगच्या बाहेर येऊन हवेत निवेल. साइटवर अनेकदा नेटकेपणाच्या हौसेने पाय तळापर्यंत गुंडाळला जातो. मग उष्णता बाहेर पडत नाही, पट्टी मऊ होते आणि सरकणारा सपोर्ट अडकतो. स्प्रिंगचा डबाही असाच उघडा राहिला पाहिजे.

विदर्भात हवेचाही विचार करावा लागतो. लॅगिंगचा पृष्ठभाग 60 अंशांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. मे महिन्यात नागपूरची हवाच 45 अंशांवर जाते, म्हणजे हाताशी उरतात जेमतेम 15 अंश. 30 अंश हवा धरून केलेला हिशेब इथे तोकडा पडतो. पावसाळ्यात क्लॅम्पच्या फटीतून पाणी शिरलं तर कॅल्शियम सिलिकेट ते शोषून घेतं, त्याची रोधकता घटते आणि संच बंद असताना धातू गंजतो. उघड्यावरच्या लाइनवर ती फट बुजवणं हा निवडीचाच भाग समजावा.

हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. लॅगिंग 50 मिलिमीटरने वाढवलं की शूची उंची बदलते, ठोकळ्याची जाडी बदलते, हँगरवरचं वजनही बदलतं. म्हणून सपोर्ट आणि लॅगिंग यांचे निर्णय एकाच टेबलावर, एकाच वेळी व्हावेत. पाइप उभा राहिल्यावर लॅगिंगवाल्याला बोलावण्याची पद्धत अतितप्त लाइनला परवडत नाही.

पुढच्या भागात : स्प्रिंग हँगरचं थंड आणि गरम रीडिंग कसं घ्यावं.