हाडातला धातू कधी विरघळावा?

नांदेड-लातूरकडे एखाद्याच्या 'पायात रॉड टाकलाय' असं कळलं की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : काढायचा कधी? ही काढण्याची शस्त्रक्रिया किरकोळ समजली जाते, पण ती तशी नसते. बहुधा जुन्या व्रणावरच पुन्हा चीर घ्यावी लागते. आतल्या ऊती एकमेकींना चिकटलेल्या असतात, स्क्रूच्या डोक्यावर नवं हाड चढलेलं असतं. ते खरवडून, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत स्क्रूड्रायव्हर नेमका खाचेत बसवावा लागतो. टायटॅनियम तर हाडाशी इतकं एकजीव होतं की फिरवताना कधी खाच झिजते, कधी स्क्रूची मानच तुटते. सगळं नीट निघालं तरी हाडात भोकं उरतात आणि ती भरेपर्यंत ओझं उचलायला मनाई असते. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला हे आठवडे सरळ मजुरीतून वजा होतात. शरीरात आपोआप विरघळणाऱ्या धातूंचा विचार मी इथून सुरू करतो. त्यांची खरी किंमत ही दुसरी शस्त्रक्रिया टाळण्यात आहे, आणि ते वापरण्याजोगे आहेत की नाहीत हेही तिच्याच हिशेबानं ठरावं.

कल्पना जुनी आहे. बेल्जियमचे शल्यचिकित्सक आल्बँ लाँबॉत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली होती. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साचला. दोन वेगळे धातू शरीरातल्या खारट द्रवात एकमेकांना टेकले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू भराभर झिजतो, आणि इथे तो मॅग्नेशियम होता. तो पाण्याशी संयोग पावतो तेव्हा हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. एक मिलिग्रॅम धातूमागे साधारण एक मिलिलिटर वायू, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत धातूचा तुकडा ३७ अंश सेल्सिअसला, रक्तातल्या क्षारांसारख्या द्रावणात बुडवून ठेवतात आणि वर उलटी धरलेली ब्युरेट, म्हणजे मोजखुणांची नळी, लावतात. बुडबुडे नळीत चढतात, पाण्याची पातळी उतरते आणि झिजेचा वेग डोळ्यांसमोर मोजता येतो. लोह, निकेल किंवा तांब्याचा अंश किंचित वाढला तरी हा वेग कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून मॅग्नेशियमची सगळी मदार त्याच्या शुद्धतेवर आहे. शरीराला मॅग्नेशियम परकं नाही. प्रौढ माणसात ते सुमारे २५ ग्रॅम असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांतच असतं. विरघळणाऱ्या इतर धातूंपैकी लोखंडाची अडचण उलटी आहे, ते वर्षानुवर्षं आत रेंगाळतं. जस्ताचा वेग मधला, पण शुद्ध जस्त फार मऊ. जर्मनीत बनलेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, ती लहान हाडांच्या कामासाठी. मांडीच्या हाडाचा भार पेलणारा रॉड या धातूचा आजही होत नाही. तशी आशा कुणी रुग्णाला दाखवू नये.

पहिला आक्षेप असा : प्रौढांमधले बरेचसे स्क्रू आणि रॉड त्रास देत नसतील तर तसेच ठेवतात, मग विरघळण्याची गरजच काय? प्रौढांपुरता हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. मुलांच्या बाबतीत तो टिकत नाही. मुलाचं हाड वाढत राहतं आणि धातू वाढत नाही, त्यामुळे त्यांच्यात तो काढण्याकडेच कल असतो, आणि त्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागते. शिवाय प्रश्न आपत्तीचाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात दगड-मातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा आपत्तीत तातडीचे उपचार करायला चहूकडून हात येतात. घातलेला धातू काढायची वेळ मात्र वर्ष-दीड वर्षानं येते, तेव्हा मदतीच्या छावण्या उठून गेलेल्या असतात. जो धातू परत यायला लावत नाही, त्याचं मोल अशा भागात सर्वांत जास्त आहे.

यावरचा दुसरा आक्षेप मला सर्वांत बोचतो. धातू काढायला जो रुग्ण येऊ शकत नाही, तो एक्स-रे काढायला तरी कुठून येणार? आणि विरघळणाऱ्या धातूवर नजर ठेवावीच लागते, कारण हाड जुळायच्या आधी त्याचा जोर संपला तर सगळंच फसतं. शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रेवर स्क्रूभोवती वायूचं काळसर वलय दिसतं. ज्यानं ते आधी पाहिलं नाही अशा डॉक्टरला जंतुसंसर्गाची शंका येईल आणि चांगला स्क्रू विनाकारण काढला जाईल. म्हणजे जी शस्त्रक्रिया टाळायची तीच पदरात पडेल. म्हणून वापराची सुरुवात घोट्याच्या आतल्या उंचवट्यासारख्या, प्लास्टरचा आधार देता येणाऱ्या हाडाच्या छोट्या भागांपासून व्हावी. ती नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेसारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत व्हावी. धातूचं नाव, बसवल्याची तारीख आणि वायूबद्दलची सूचना लिहिलेला मराठी कागद रुग्णाच्या हातात असावा, म्हणजे उदगीर किंवा किनवटच्या डॉक्टरला तो वाचता येईल.

राहिला प्रश्न दराचा. हा स्क्रू पोलादी स्क्रूपेक्षा महागच पडणार. उपचारांचा खर्च उचलणारी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे तिचंच पुढचं रूप. अशा योजनेनं स्क्रूची स्क्रूशी तुलना केली तर पोलादच जिंकेल. तुलना पूर्ण उपचाराची हवी. एका बाजूला एकदाच भरती, दुसऱ्या बाजूला दोनदा भरती, दोनदा भूल, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या नातेवाइकाचे दिवस. मुलांच्या घोट्याच्या आणि कोपराच्या मोडींसाठी हा हिशेब आजच मांडता येईल. त्यातली पोलादाची बाजू तर या दोन रुग्णालयांच्या जुन्या केसपेपरांत आधीच लिहिलेली आहे.