खारीचे पंचांग आणि शिकारीचा हंगाम

खार म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे पाठीवर पट्टे असलेली, कुंपणावरून सरसर पळणारी आपली चिमुकली खार उभी राहते. तिची कोणी बंदुकीने शिकार करील, ही कल्पनाच आपल्यापैकी बहुतेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत घरामागच्या परसात बागडणारी करडी खार हे शिकारीचे एक जुने जनावर आहे. तिचे वजन सुमारे अर्धा किलो भरते व तिचे मांस खाल्ले जाते. मात्र तिला वाटेल तेव्हा मारता येत नाही. कायद्याने तिच्या शिकारीचा हंगाम ठरवून दिलेला आहे. तो कसा ठरत असेल बरे?

हंगामाचे बंधन नव्हते तेव्हा काय होत असे, ते आधी पाहू. पेनसिल्व्हेनियात त्या काळी खारी मक्याच्या शेतांची फार नासधूस करीत. म्हणून १७४९ साली तेथील सरकारने मारलेल्या प्रत्येक खारीमागे तीन पेन्स बक्षीस जाहीर केले. त्या सुमारास तेथे प्रवास करीत असलेल्या पेहर काल्म या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले आहे, की एका वर्षात या बक्षिसापोटी ८,००० पौंड खर्च झाले. आता तुम्हीच हिशेब करा. त्या वेळच्या एका पौंडात २४० पेन्स असत. म्हणजे एका पौंडाला ८० खारी. एकूण मारलेल्या खारी झाल्या ६,४०,०००! अखेर सरकारला बक्षिसाची रक्कम निम्मी करावी लागली.

पुढे जंगलेही तुटत गेली. शहरांतून तर खार दिसेनाशी झाली. त्याच पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहरात १८४७ साली फ्रँकलिन चौकातील बागेत मुद्दाम तीन खारी आणून सोडल्या गेल्या. त्यांच्यासाठी लाकडी पेट्यांची घरे केली, खाणेही ठेवले. ज्या प्राण्याला मारण्यासाठी एके काळी बक्षीस दिले, तोच लोकांना बघायला मिळावा म्हणून एका शतकाच्या आत ही खटपट करावी लागली. १८९५ साली राज्याने शिकारीवर देखरेख करणारे मंडळ स्थापन केले.

आता खारीचे वर्षाचे पंचांग पाहू. करड्या खारींचा समागमाचा पहिला काळ साधारण डिसेंबर-जानेवारीत असतो. गर्भावस्था सुमारे ४४ दिवसांची. म्हणजे पहिल्या वेताची पिल्ले फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुधा झाडाच्या ढोलीत, जन्मतात. ती उघडी व डोळे मिटलेली असतात आणि आठ ते दहा आठवडे आईच्या दुधावर अवलंबून राहतात. या काळात आई मारली गेली, तर ढोलीतली पिल्लेही उपाशी मरतात. एका गोळीने एक नव्हे, चार-पाच जीव जातात. अनेक माद्यांचे दुसरे वेत जुलै-ऑगस्टमध्ये होते.

पेनसिल्व्हेनियातील हंगामाच्या तारखा दरवर्षी थोड्याफार बदलतात. परंतु अलीकडच्या वर्षांत हंगाम सप्टेंबरच्या मध्यास उघडून, मधल्या काही खंडांसह, फेब्रुवारीअखेर संपतो. या तारखा वरील पंचांगाशी ताडून पाहा. हंगाम उघडतो तेव्हा पहिल्या वेताची पिल्ले पूर्ण स्वतंत्र झालेली असतात व दुसऱ्या वेताचीही बरीचशी सुटी होऊ लागतात. वसंतातील पिल्ले दूध पीत असतात, तेव्हा शिकार बंद असते. शिवाय एका शिकाऱ्याला दिवसाला सहा खारींचीच मुभा आहे. आणि परसातल्या खारीचे काय? वस्ती असलेल्या घरापासून १५० यार्ड, म्हणजे सुमारे १३७ मीटरच्या आत घरमालकाच्या परवानगीवाचून बंदुकीने शिकार करता येत नाही. त्यामुळे परसातली खार भर हंगामातही बहुधा निर्धास्त असते.

या बंधनांत जंगलाचेही हित आहे. ही खार शरद ऋतूत ओक, अक्रोड यांची कवचफळे एकेक करून वेगवेगळ्या ठिकाणी पुरून ठेवते. तांबड्या ओकचे बी वसंतापर्यंत रुजत नाही, म्हणून ते साठवणीस योग्य. पांढऱ्या ओकचे बी मात्र शरदातच रुजते. तेव्हा खार ते बहुधा लगेच खाते किंवा पुरण्याआधी त्याचा गर्भांकुर कुरतडून टाकते! पुरलेली सगळीच फळे ती परत उकरत नाही. राहिलेल्यांपैकी काहींचे वृक्ष होतात.

आपल्याकडे मात्र महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूला, म्हणजे भीमाशंकरच्या जंगलातल्या मोठ्या खारीला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तिच्या शिकारीला हंगामच नाही; वर्षभर बंदी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या अंगणातल्या खारीचे पंचांग तुम्हाला ठाऊक आहे का? एक वही करा. खार तोंडात काथ्या, कापूस घेऊन घरट्याकडे जाताना कोणत्या महिन्यांत दिसते, लहान पिल्ले प्रथम केव्हा दिसतात, हे वर्षभर तारखेनिशी लिहून ठेवा. एखाद्या प्राण्याला जपायचे, तर आधी त्याचे वर्ष कसे जाते हे माहीत असावे लागते.